सेल्फ दमला म्हणून मोटर बदलू नका, आधी व्होल्ट कुठं गळतात ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातली २०१० सालची रॉयल एनफिल्ड थंडरबर्ड ३५० ट्विनस्पार्क. सकाळी सेल्फ मारला की दोन-तीनदा 'घुर्र... घुर्र' करून थांबतो. किक मारली तर दुसऱ्या-तिसऱ्या किकेला गाडी चालू होते. दिवाळीच्या आधी नवी बॅटरी घातली, पंधरा दिवस बरं चाललं, परत तेच. आता चोर्ला घाट चढून आल्यावर, इंजिन गरम असतानाही सेल्फ जड जातो. गॅरेजवाला म्हणतो, मोटर गेली, नवी घाला. घालावी का?

घालू नका, निदान एवढ्यात तरी. मोटर ही या साखळीतली शेवटची कडी. तिच्याआधी बॅटरी, जाड केबली, रिले (बटणाच्या इशाऱ्यावर मोटरचा करंट जोडणारा स्विच), अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिन-चॅसीशी जोडणी) आणि चार-सहा नटबोल्ट येतात, आणि जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस आणि जांभ्याची लाल धूळ आधी त्यांनाच खाते.

हिशेब बघा. एवढं इंजिन फिरवताना मोटर साधारण ७०-८० अँपिअर ओढते, क्षणभर त्याहून जास्त. ८० अँपिअरच्या वाटेत ०.०१ ओहमचा एक खराब जोड आला की तिथंच ०.८ व्होल्ट खपले. असे दोन जोड झाले की दीड व्होल्टाच्या वर गेलं, आणि मोटरला वाटेल ते केलं तरी ती जोर धरणार नाही. मीटर ओहमवर लावून 'केबल ठीक आहे' म्हणणं इथं कामाचं नाही. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.२ ओहमच्या आसपास असतो, त्यात ०.०१ ओहम कुठून दिसणार? केबलीतल्या पन्नास तारांपैकी दोनच शिल्लक असल्या तरी मीटरचा बजर वाजतोच. म्हणून मोजायचे ते व्होल्ट, आणि तेही सेल्फ दाबलेला असताना.

त्याआधी कान द्या. बटण दाबल्यावर एकदा 'टिक' होऊन पुढं काहीच नाही, तर रिले ओढतोय, पण त्याच्या पोटातले कॉन्टॅक्ट जळालेत, पुढची केबल तुटलीय किंवा मोटरचे ब्रश (आतल्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे) अडकलेत. 'टकटकटकटक' असा आवाज म्हणजे बॅटरी इतकी उतरलीय की रिले ओढला की व्होल्ट पडतात, सुटला की चढतात. मोटर 'सूंऽऽ' करून मोकळी पळते आणि इंजिन ढिम्म, तर मोटर चांगली आहे, स्प्रॅग क्लच (मोटरचा जोर एकाच दिशेनं इंजिनला देणारा क्लच) गेलाय. तुमचं 'घुर्र घुर्र' या तिन्हींत बसत नाही. मोटर फिरतेय, क्लच धरतोय, जोर कमी पडतोय. बटण, क्लच स्विच, न्यूट्रल स्विच यांच्या मागं लागू नका. ते रिलेला फक्त इशारा देतात, मोटरचा करंट त्यांच्यातून जातच नाही.

आता बॅटरी. 'नवी घातली' म्हणजे 'चांगली आहे' असं नव्हे. आपल्याकडं ॲसिडची बॅटरी बऱ्याचदा दुकानात कोरडी येते, गिऱ्हाईक आलं की ॲसिड ओतून अर्ध्या तासात गाडीला लावून देतात. तिला पहिलं पूर्ण चार्जिंग मिळतच नाही. अर्धवट भरलेली बॅटरी रोज अर्धवटच राहिली की प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट होत जातो आणि नवी बॅटरी काही महिन्यांत म्हातारी होते. पंधरा दिवस चालून मग ढिली पडली, ही खूण तिकडंच बोट दाखवते. १४ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर १.४ अँपिअरवर, म्हणजे क्षमतेच्या दहाव्या भागावर, दहा-बारा तास चार्ज करा. लॉरीच्या बॅटरीवाल्याकडं तासाभरात 'फास्ट' करून घेऊ नका, प्लेटा वाकतात. चार्जर काढल्यावर रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मोजा: १२.६ ते १२.८ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे जवळपास रिकामी. टोपणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरनं सहाही घरं बघा. एखाद्या घराच्या ॲसिडची घनता बाकीच्यांपेक्षा ०.०५० नं खाली असेल तर ते घर गेलं, चार्जिंगनं परत येणार नाही. पातळी कमी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला. ॲसिड वाढवल्यानं बॅटरी 'कडक' होत नाही, प्लेटा खाल्ल्या जातात.

बॅटरी भरून द्यायचं काम गाडी करतेय का, तेही लगेच बघून टाका. इंजिन चालू करून ॲक्सिलरेटर थोडा वाढवला की बॅटरीच्या टोकांवर १३.८ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. हेडलाइट लावूनही १३.५ च्या खाली घसरू नयेत. १५ च्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलाय, बॅटरीतलं पाणी उडवतोय. टूरिंगच्या गाड्यांवर फॉग लाइट, मोठे हॉर्न, मोबाइल चार्जर, अलार्म असं सगळं लादलेलं असतं. इग्निशन बंद करून, बॅटरीची निगेटिव्ह काढून, मधे मीटर मिलिअँपिअरवर लावा. ही जोडणी असताना चावी फिरवू नका आणि सेल्फला हात लावू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दोन-चार मिलिअँपिअर ठीक. बाजारातला स्वस्त अलार्म ५० मिलिअँपिअर खात असेल तर दिवसाला १.२ अँपिअर-तास गेले, म्हणजे आठवडाभर उभी राहिलेली गाडी निम्म्याहून खाली. दर सोमवारी सकाळी सेल्फ रुसतो, अशी तक्रार असणाऱ्यांनी आधी अलार्म काढून बघावा.

बॅटरी भरलेली आहे हे ठरल्यावर खरी परीक्षा. सेल्फ मारताना इंजिन चालू व्हायला नको, पण कॉम्प्रेशनचा भार मात्र हवा, म्हणून प्लग जागेवरच राहू द्या. दोन्ही प्लगांच्या टोप्या काढा, त्यांत दोन जुने प्लग खोचा आणि त्या प्लगांचं लोखंड इंजिनच्या उघड्या धातूला टेकवून ठेवा. टोप्या हवेत लोंबत ठेवून सेल्फ मारला की ठिणगी वाट शोधत कॉइलच्या आत फुटते. किल स्विच बंद करून हे जमवू म्हणाल तर बऱ्याच गाड्यांत सेल्फच फिरत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, जवळपास पेट्रोलचा वास नाही, बॅटरीवर हत्यार पडलेलं नाही, एवढं बघून घ्या. दुसरा माणूस बटण दाबायला असला तर बरं. एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही, मधे निदान पंधरा-वीस सेकंद थांबायचं.

मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवा. पहिलं मोजमाप बॅटरीच्या शिशाच्या दांड्यांवर, क्लॅम्पवर किंवा नटावर नव्हे. सेल्फ फिरताना १० च्या वर राहिले पाहिजेत. ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी कमी पडतेय किंवा मोटर अफाट करंट ओढतेय. या दोन्हींतलं कोणतं, ते पुढं कळेल. दुसरं मोजमाप मोटरच्या टोकापाशी: लाल टोक मोटरच्या स्टडवर, काळं मोटरच्या अंगावर. बॅटरीवर १०.५ आणि मोटरवर ८.७, तर मधल्या वाटेत १.८ व्होल्ट सांडले. हाच आकडा महत्त्वाचा. मोटरला १० च्या आसपास मिळत असूनही ती रेंगाळत असेल, तर आणि तरच मोटर किंवा इंजिनकडं वळायचं.

सांडले असतील तर कुठं? मीटरचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्ह दांडीवर, दुसरं मोटरच्या स्टडवर, आणि सेल्फ दाबा. इथं जो आकडा दिसेल तो पॉझिटिव्ह बाजूचा तोटा. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालवून घ्या, त्याच्या वर नाही. मग रिलेच्या दोन जाड बोल्टांवर एकेक टोक ठेवून तेच करा. ०.२ च्या आत हवं. ०.६-०.७ दिसलं तर रिले बाद. तो उघडून कॉन्टॅक्ट घासणारे मेस्त्री आहेत, पण घासलेला कॉन्टॅक्ट महिना-दोन महिन्यांत परत जळतो, आणि कधीकधी चिकटून बसतो. मग चावी काढली तरी सेल्फ फिरतच राहतो. रिले बदलण्यासारखीच वस्तू आहे. स्क्रू-ड्रायव्हरनं रिलेचे दोन बोल्ट जोडून बघायची सवय सोडा. ठिणगीनं बोल्टाचा आटा जातो आणि त्यातून कळत काही नाही.

उरला अर्थ. बॅटरीची निगेटिव्ह दांडी आणि मोटरचं अंग यांत ०.२ च्या वर गेलं की दोषी सापडला. जुन्या टूरिंग गाड्यांत हा प्रकार सगळ्यात जास्त का सापडतो, त्याचं कारण हौस. गाडी 'रिस्टोअर' करताना चॅसीला पावडर कोटिंग करतात, इंजिनच्या पट्ट्या काळ्या रंगवतात, आणि अर्थच्या केबलीचा थिंबल (टोकाची धातूची कडी) त्या रंगावरच आवळतात. बोल्टाच्या आट्यांतून कसाबसा करंट जात राहतो, एक पावसाळा गेला की तिथं गंज चढतो. खात्री करायला सोपा उपाय आहे: जंपर केबलीचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं थेट इंजिनच्या एखाद्या उघड्या बोल्टाला लावून सेल्फ मारा. एकदम जीव आला तर मोटरला हात लावायचं कारणच उरत नाही. थिंबल काढा, खालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि मग वरून व्हॅसलीन फासा. आधी व्हॅसलीन आणि मग आवळणं, असं नको. फ्रेमच्या भरवशावर न राहता बॅटरीपासून थेट इंजिनच्या बोल्टापर्यंत वेगळी केबल टाकली तर हा रोग कायमचा जातो.

केबल घेताना तांब्याचीच घ्या. बाजारात ॲल्युमिनिअमवर तांब्याचा मुलामा दिलेली मिळते. एक तार ब्लेडनं खरवडली की आतून पांढरी निघते. मीटरभराच्या आत अंतर असतं, त्यामुळं १६ चौरस मिलिमीटरची घ्या, १० ची शेवटची तडजोड. घरातल्या वायरिंगची ४ चौरस मिलिमीटरची वायर टाकलेल्या गाड्या दिसतात. १०० अँपिअरला त्या वायरीत मीटरमागं जवळजवळ अर्धा व्होल्ट जातो आणि वायर तापते ती वेगळीच. थिंबल पक्कडीनं चेमटलेला नको, क्रिंपिंगच्या यंत्रानं दाबलेला हवा. मोटरचं वायंडिंग करणाऱ्या दुकानात ते यंत्र असतं. जुन्या केबलीचं टोक एक इंच सोलून बघा. तारा काळ्या पडल्या असतील किंवा हिरवा कळंक आत शिरला असेल तर नवा थिंबल लावून उपयोग नाही, आख्खी केबल बदला.

हे सगळं करून मोटरवर १० व्होल्ट येताहेत आणि तरी घुर्र घुर्रच, असं झालं तर एक प्रश्न उरतो: मोटर दमलीय की इंजिन जड झालंय? इथं क्लॅम्प मीटर फार कामाला येतो, पण डीसी मोजणारा. शेतातल्या पंपाचं काम करणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडं जो असतो तो बहुतेक वेळा फक्त एसी मोजतो, बॅटरीच्या केबलीवर तो शून्य दाखवेल. उसना आणण्याआधी विचारून घ्या. मोटर हळू फिरतेय आणि करंटही कमी, तर वाटेत रोध आहे: ब्रश झिजलेत, कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात ते तांब्याच्या पट्ट्यांचं कडं) मळलाय. मोटर हळू आणि करंट भरमसाट, तर कुठंतरी ओढ आहे: बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती कडी) झिजून आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) मॅग्नेटला घासतंय, आर्मेचर आत शॉर्ट आहे, किंवा इंजिनच जड आहे. मग दोन्ही प्लग काढून सेल्फ मारा. टोप्यांतले जुने प्लग इंजिनला टेकलेले राहू द्या, आणि ते मोकळ्या भोकांपासून दूर ठेवा, कारण त्या भोकांतून पेट्रोलची वाफ येते. कॉम्प्रेशन गेल्यावर इंजिन भिंगरीसारखं फिरायला पाहिजे. तरीही रेंगाळत असेल तर मोटर काढायची वेळ आली.

इंजिन जड असण्याची दोन कारणं आधी निकालात काढा. पहिलं तेल. या इंजिनाला १५डब्ल्यू-५० ग्रेडचं तेल लागतं. उन्हाळ्यात आवाज कमी व्हावा म्हणून २०डब्ल्यू-५० किंवा त्याहून जाड घातलेलं असेल, तर डिसेंबरात खानापूरच्या थंडीत पहाटे ते काकवीसारखं होतं आणि सेल्फला क्लचच्या प्लेटांसकट सगळं ओढावं लागतं. सकाळी चालू करण्याआधी क्लच दाबून, गिअर टाकून गाडी दोनदा पुढंमागं हलवली की प्लेटा सुटतात. दुसरं कारण डिकॉम्प्रेसर. या इंजिनात सेल्फच्या वेगाला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरणारी आपोआप चालणारी यंत्रणा कॅमवर आहे. तिची स्प्रिंग गेली किंवा ती अडकली की ३४६ सीसीचं पूर्ण ८.५ पट कॉम्प्रेशन सेल्फच्या माथी येतं. खूण अशी: मोटर जोरात निघते, एका ठरावीक जागी आपटल्यासारखी थांबते, आणि कधीकधी इंजिन उलटा झटका देतं. किकही त्याच जागी दगडासारखी लागते. तुमची किक सहज बसतेय, तेव्हा डिकॉम्प्रेसरवर माझा संशय कमी आहे.

गरम असताना सेल्फ जड जातो ही मात्र मोटरच्या आतली खूण. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण ०.४ टक्क्यानं वाढतो. घाट चढून आल्यावर मोटर ६० अंशांनी जास्त तापली तर रोध पाव पट वाढला. फेराइट मॅग्नेटचा जोरही त्याच तापात दहा-बारा टक्के उतरतो. निरोगी मोटर हे पचवते. जिचे ब्रश आधीच अर्धे झालेत, ती नाही पचवत. सकाळी जड आणि गरमही जड, असं दोन्ही होतंय म्हणजे तुमच्या गाडीत बहुधा दोन कारणं आहेत: एक बॅटरी-अर्थचं आणि एक ब्रशांचं.

मोटर काढताना पहिला नियम, बॅटरीची निगेटिव्ह आधी सोडा. मोटरच्या आजूबाजूची माती ब्रश आणि रॉकेलनं धुऊन, पुसून कोरडी करा, नाहीतर मोटर ओढली की ती सगळी क्रँककेसमध्ये. स्टडवरची रबरी टोपी सरकवा. केबलीचा नट सोडताना त्याच्याखालचा नट दुसऱ्या पान्ह्यानं धरून ठेवा, नाहीतर स्टड फिरून आतली पट्टी तुटते. मग धरणारे बोल्ट काढा, सहसा दोन असतात, आणि मोटर हलवत सरळ बाहेर ओढा. अडली तर लाकडी ठोकळा लावून हलकेच. हातोडीनं अंगावर ठोकू नका. आतले मॅग्नेट काचेसारखे ठिसूळ असतात आणि चिकटवलेले असतात. सुटलेला एक मॅग्नेट म्हणजे सगळी मोटर भंगारात.

उघडण्याआधी अंग आणि दोन्ही टोपणं यांवरून पंचनं किंवा खिळ्यानं एक आडवी रेघ ओढा. ही रेघ चुकली आणि टोपण फिरलं तर ब्रशांची मॅग्नेटशी असलेली जागा हलते, मोटर अशक्त होते किंवा उलटी फिरते. दोन लांब बोल्ट काढून टोपणं सरकवा. शाफ्टच्या दोन्ही टोकांना पातळ वॉशर असतात, कुठल्या बाजूला किती आणि कुठल्या क्रमानं हे मोबाइलवर टिपून ठेवा. आत काय दिसतं त्यावर बरंच ठरतं. कोरडी काळी धूळ असेल तर नुसती ब्रशांची झीज. काळा चिकट लगदा असेल तर इंजिनच्या बाजूचं ऑइल सील गेलंय. तेल आणि कार्बनचा लगदा ब्रशांना त्यांच्या खाचेत जाम करतो आणि कम्युटेटरच्या पट्ट्यांत भरून करंट आडवा नेतो. अशा वेळी नुसते ब्रश बदलून मोटर बसवली तर काही महिन्यांत परत काढावी लागेल. सील आणि ओ-रिंग जुन्या मापावर मिळवा. सीलवर तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. गाडीच्या नावानं नाही मिळालं तर मापानं मिळतं. पांढरट गंज आणि पाण्याची रेघ दिसली तर मागच्या टोपणाची ओ-रिंग चपटी झालीय, किंवा वॉशिंग सेंटरवाल्यानं जोराचा फवारा थेट मोटरवर मारलाय.

ब्रश नव्याच्या निम्म्याहून कमी उरले असतील तर बदलाच. मॅन्युअलमध्ये मर्यादा दिली असेल तर तीच धरा. लांबी ठीक असली तरी स्प्रिंग बघा. ती निळसर पडली असेल तर तापून मेलीय. ब्रश नसले की मिक्सरचे किंवा ग्राइंडरचे कार्बन कापून, घासून बसवायची आपल्याकडं रीत आहे. तो २३० व्होल्टचा निव्वळ कार्बन, त्याचा रोध जास्त. सेल्फच्या ब्रशात तांब्याची भुकटी मिसळलेली असते, म्हणून ते तांबूस दिसतात. मिक्सरचा कार्बन घातलेली मोटर टेबलावर झकास फिरते आणि इंजिनला लावली की परत घुर्र. ब्रशाची वेणी (त्याची विणलेली तार) झाळायची असेल तर ६० वॉटच्या वरचं सोल्डरिंग आयर्न वापरा आणि झाळ वेणीत वर चढू देऊ नका. चढली की वेणी काडीसारखी ताठ होते, ब्रश कम्युटेटरवर नाचतो. झाळायला ॲसिडचा फ्लक्स नको, रोझिनचा घ्या.

कम्युटेटर तपकिरी, गुळगुळीत असला तर त्याला काही करू नका. काळा किंवा खरबरीत असला तर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पट्टीसारखा गुंडाळून, आर्मेचर फिरवत एकसारखा घासा. चाकोरी खोल पडली असेल तर लेथ लागेल. बेळगावात उद्यमबागेसारखी कारखान्यांची वसाहत असताना लेथवाला शोधावा लागत नाही, पण त्याला बजावून सांगा: फक्त खोल चर जाईल इतकंच, बारीक कटनं घ्यायचं, जास्त नाही. घासल्यावर किंवा टर्निंग झाल्यावर पट्ट्यांमधला मायका खाली घ्यावा लागतो, साधारण अर्धा मिलिमीटर. हॅकसॉ ब्लेडचा तुकडा दोन्ही बाजूंनी घासून पातळ करा आणि प्रत्येक खाचेतून ओढा. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून बहुतेक जण सोडतात. मग तांबं झिजतं, मायका वर येतो, ब्रश त्यावर उडत राहतात आणि नवे ब्रशही लवकर खाल्ले जातात.

आर्मेचर पेट्रोलमध्ये बुडवू नका, वायंडिंगचं व्हार्निश मऊ पडतं. कॉन्टॅक्ट क्लीनर आणि दातांचा जुना ब्रश पुरे. मग मीटरनं दोन गोष्टी बघा. शेजारच्या दोन पट्ट्यांत बजर वाजला पाहिजे, सगळ्या जोड्यांत. कुठलीही पट्टी आणि शाफ्ट यांत मात्र अजिबात वाजता कामा नये. वाजला तर आर्मेचर बॉडीला लागलंय. आतल्या आत दोन वेढे शॉर्ट झाले असतील तर मीटरला कळत नाही, त्याला ग्राउलर (आर्मेचर तपासायचं यंत्र) लागतो. तो वायंडिंगवाल्यांकडं मिळेल, पण ज्यानं डायनॅमो आणि सेल्फची कामं केलीत अशाच दुकानात जा. रोज पाणबुडी पंप भरणाऱ्याचा हात चांगला असला तरी बारा व्होल्टचं आर्मेचर वेगळं. ब्रश होल्डरही तपासा: पॉझिटिव्ह होल्डर आणि टोपण यांत बजर वाजायला नको, निगेटिव्हला वाजायला हवा.

आर्मेचरच्या लोखंडावर एका बाजूला चकाकी आणि मॅग्नेटवर तशीच रेघ दिसली तर बुश झिजलाय. शाफ्ट बोटानं आडवा हलवला तर खटखटेल. नवा बुश सिंटर केलेल्या ब्राँझचा घ्या, रात्रभर इंजिन ऑइलमध्ये भिजत ठेवा आणि व्हाइसमध्ये दाबून बसवा, ठोकून नव्हे. बसवल्यावर मागच्या बुशात तेलाचा एक थेंब पुरे. ग्रीस भरलं तर ते कम्युटेटरवर उडून पुन्हा तोच लगदा.

जोडताना ब्रश मागं ओढून दोऱ्यानं किंवा क्लिपनं अडकवा, आर्मेचर बसलं की दोरा ओढून काढा. मॅग्नेट आर्मेचर खसकन ओढतो, बोटं सांभाळा. रेघा जुळवा. स्टडचे इन्सुलेशनचे वॉशर जसे होते तसेच, एक जरी राहिला तरी थेट शॉर्ट. गाडीला लावण्याआधी मोटर व्हाइसमध्ये कापड गुंडाळून धरा आणि जंपर केबलीनं तीन-चार सेकंद चालवा. मोकळी ठेवली तर झटक्यानं टेबलावरून खाली जाईल. आवाज एकसारखा हवा, खरखर नको. बाहेरच्या ओ-रिंगला तेल लावून मोटर सरळ आत ढकला. सहा मिलिमीटरचे बोल्ट असतील तर ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे, ॲल्युमिनिअमचा आटा जास्त सोसत नाही.

नवी मोटर घ्यायची वेळ दोनदाच येते: मॅग्नेट फुटला किंवा सुटला, नाहीतर आर्मेचर शॉर्ट निघालं. घेतलीत तर शाफ्टवरचे दात मोजून जुन्याशी जुळवा आणि फिरण्याची दिशा टेबलावरच बघून घ्या.

आणि हे लांबणीवर टाकू नका, किक आहे म्हणून तर मुळीच नाही. कमी व्होल्टवर सेल्फ मारत राहिलं की इंजिन कॉम्प्रेशनच्या टोकाला अर्धवट पोचतं, ठिणगी पडते आणि उलटा झटका बसतो. तो झटका सरळ स्प्रॅग क्लचच्या रोलरांवर जातो. स्प्रॅगसाठी कव्हर, गॅस्केट, तेल, रोटर ओढायचा पुलर, सगळंच आलं. ॲव्हेंजर २२० सारख्या किक नसलेल्या गाड्यांचं तर विचारूच नका, आंबोलीच्या पावसात ती ढकलत चढावर नेता येत नाही.

सगळं बसवल्यावर तेच आकडे परत घ्या: उभ्या बॅटरीचे व्होल्ट, सेल्फ फिरताना बॅटरीचे, मोटरवरचे, पॉझिटिव्हचा तोटा, अर्थचा तोटा. मार्करनं साइड कव्हरच्या आतल्या बाजूला तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या मिरगाच्या आधी आणि दसऱ्याच्या सुमारास पुन्हा मोजले की कुठला आकडा सरकलाय ते लगेच दिसेल.